शार्कचं पाणी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं पाण्यातून मीठ काढलं. बॉयलरला लागणारं पाणी इतकं कोरं असावं लागतं, की जरासा क्षार मागे राहिला तरी नळ्या आतून पोखरत जातात. आमच्या प्रयोगशाळेचं काम एवढंच, ते पाणी तपासायचं आणि बिघडलं की आरडाओरडा करायचा. आरडाओरडा माझ्या वाट्याला जास्त यायचा, कारण तो मला जमायचा. निवृत्त झाल्यावर त्याच हातांनी मी घराच्या हॉलमध्ये दीड हजार लिटर पाण्यात मीठ कालवायला घेतलं, तेव्हा आई दारातल्या खुर्चीवरून म्हणाली, "एवढी वर्षं काढलंस ते सगळं परत घालतीस काय गं?"

मला शार्क पाळायचा होता.

हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाला. मी हट्टी आहे हे नाशिक रोडला माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न केलं नाही ते हट्टानंच, आणि आईला घेऊन जेल रोडच्या मागच्या कॉलनीत तळमजल्याचं घर घेतलं तेही हट्टानंच. शार्क म्हणजे सिनेमातला माणसं खाणारा नव्हे. बांबू शार्क म्हणून एक जात असते, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, फार तर तीन फुटांची. दिवसभर वाळूवर पडून असते आणि दगडांच्या फटीत तोंड घालून कोळंबी हुडकते. वसईला मामेबहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजारच्या एका गृहस्थांकडे मी अशी जोडी पाहिली. त्यांच्या मादीनं टाकीतच अंडी घातली होती. अंडं म्हणजे तळहाताएवढी चपटी, चामड्यासारखी पिशवी. त्यांनी पाण्यातच त्यामागे बॅटरी धरली आणि आत करंगळीएवढं काहीतरी वळवळलं. इतक्या लहान जिवाची शेपटी न थांबता हलत होती. तिथेच माझं ठरलं.

वसईचे गृहस्थ माझ्यापेक्षा खट होते. म्हणाले, "बाई, आधी टाकी. महिनाभर रोज पाण्याचे आकडे पाठवा. अमोनिया शून्य राहिला तर अंडं देईन, नाही तर चहा घेऊन परत जा." मला माणूस एकदम आवडला.

मग मी कामाला लागले. अंबडच्या एका वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद काच बसवली. काचवाल्यानं विचारलं, "ताई, एवढ्यात काय, म्हैस ठेवणार?" तळाला बारीक, गोल कणांची वाळू घातली, कारण जाड खडीनं शार्कचं पोट सोलतं. दगड रचले ते एकमेकांना पक्के चिकटवून, कारण वाळू उकरताना ते त्याच्याच अंगावर पडायचे. हीटरला जाळी लावली, वर झाकण केलं आणि झाकणाला कडी. लाइट गेली की पंप चालू राहावा म्हणून इन्व्हर्टर बसवला. वीज केंद्रात आयुष्य काढलेल्या बाईला लाइट जाण्यावर भरवसा पक्का असतो. मग पन्नासेक किलो समुद्री मीठ विरघळवलं आणि वाट बघत बसले. शार्कची घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला आठवडे लागतात, आणि तिथे माझा हट्ट काही कामाचा नव्हता.

पहिल्या दिवसापासून मी लॉगबुक ठेवलं. लांबडं, कापडी पाठीचं, प्लांटमध्ये असायचं तसंच. वेळ, तापमान, खारटपणा, अमोनिया, शेरा, सही. प्लांटचा एक नियम होता. व्हॉल्व्ह फिरवा, डोस बदला, नुसती बाटली हलवा, ज्यानं हात लावला त्यानं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. रीडिंग बिघडलं की शिफ्टवर आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला, "हात कोणी लावला?" त्यात अपमान नसे. साहेबापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना तो विचारला जाई आणि सगळे उत्तर देत. तो प्रश्न मी इतक्या वेळा विचारला असेल, की झोपेत उठवलं असतं तरी तोंडातून तोच आला असता.

आईचा या सगळ्याला विरोध होता, आणि तो ती लपवत नव्हती. "अख्खा समुद्र सोडून त्याला हितं आणायचं, काचेत कोंडायचं. कॉलनीचं नाव बी जेल रोड," ती म्हणायची. "रोज सकाळी पंचशील म्हणतीस आणि संध्याकाळी त्याला कोळंबी कापून घालणार."

"तू सुकटीची चटणी खातेस तेव्हा पंचशील कुठे जातं?"

"मी कुणाला कोंडलं नाय," ती म्हणायची.

आमच्या दारात, टाकीपासून दहा पावलांवर, आईचा तांब्याचा हंडा असतो. स्वयंपाकघरात नाही, दारात, तिवईवर. लग्नाआधी सिन्नरला बिड्या वळून तिनं स्वतःच्या मजुरीतून पहिली वस्तू घेतली ती हा हंडा. दर दोन दिवसांनी ती तो चिंचेनं घासते, ताजं पाणी भरते, वर पितळी झाकण आणि त्यावर पेला. कुरिअरवाला, गॅसवाला, भाजीवाली, मीटर बघायला आलेला माणूस, जो उंबऱ्याशी येईल त्याच्या हातात ती आधी पेला ठेवते. तहान आहे का हे विचारत नाही. मी एकदा विचारलं होतं कोणाला तरी, "पाणी हवंय का?" त्यावर तिनं मला आत बोलावून झापलं होतं. "विचारायचं काय त्यात? द्यायचं."

मार्चमध्ये अंडं आलं. वसईहून थर्माकोलच्या डब्यात, मांडीवर धरून, गाडीत एकही डुलकी न घेता मी ते आणलं. मोठी टाकी तयार होती, पण एवढ्याशा अंड्यासाठी तिच्या शेजारी मी दोन फुटांची लहान टाकी लावली होती. तिच्यात दोन समुद्री गोगलगायी सोडल्या, काचेवरचं शेवाळ खायला. संध्याकाळी आईला बोलावून अंड्यामागे बॅटरी धरली. ती चष्मा पुसून वाकली.

"हे तर पोटातलं लेकरू हाय गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची दारातून सरकून टाकीजवळ आली. मग ती त्याला पाव्हणा म्हणायला लागली. "पाव्हणा आज लय हलतोय." "पाव्हण्याला उकडत असंल, पंखा लाव." मे महिना आला आणि उन्हानं लहान टाकीतलं पाणी रोज बोटभर उडायला लागलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून वरून बिनमिठाचं पाणी घालून पातळी राखावी लागते. मी काचेवर काळ्या पेननं रेघ मारली होती आणि त्या रेघेपर्यंत आरओचं पाणी घालत होते.

त्यातच मनमाडला मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आईचे गुडघे प्रवासाला नाही म्हणाले. चार दिवस जायचं होतं. मी दोन कॅन आरओचं पाणी भरून टाकीखाली ठेवलं आणि आईला म्हणाले, "पाणी रेघेखाली गेलं की यातलं घालायचं. बस. बाकी काही करू नकोस."

"कळतंय मला," ती म्हणाली. "वीज केंद्र चालवायला सांगतीस का काय."

चार दिवसांनी दुपारी परत आले. बस तापलेली, घसा कोरडा. चप्पल काढतानाच नजर लहान टाकीकडे गेली. दोन्ही गोगलगायी काच सोडून वाळूवर उताण्या पडल्या होत्या. मी बॅग टाकली. बॅटरी घेतली, अंड्यामागे धरली. शेपटी हलत नव्हती. थांबले. मग एकदाच, अगदी मंद, हलली.

टाकीखाली दोन्ही कॅन भरलेले होते. पाणी मात्र बरोबर रेघेवर होतं.

मी ताठ झाले आणि ओरडले, "पाण्याला हात कोणी लावला?"

घरात आम्ही दोघीच. आई माझ्यासमोर उभी होती, मी आले म्हणून हंड्यातला पेला भरून घेऊन. तिनं पेला हळूच स्टुलावर ठेवला.

"मी लावला," ती म्हणाली.

"कुठलं पाणी घातलंस?"

"हंड्यातलं. प्लॅस्टिकमधलं शिळं पाणी त्याला कशाला द्यायचं, घरात चांगलं असताना?"

"तांब्याचं? विष आहे ते त्याला! विष घातलंस तू!"

हे मी बोलले. ते लिहिताना आज मला लाज वाटते, पण बोलले ते बोलले. त्या क्षणी मला आई दिसत नव्हती, फक्त तांबं दिसत होतं. माणसाला तांब्याचं पाणी बाधत नाही, पण गोगलगायीला आणि शार्कच्या पिल्लाला त्याचा थोडासा अंशही जड जातो. प्लांटमध्ये पाण्यात उतरलेलं तांबं शोधण्यात माझी वर्षं गेली होती. टाकी लावताना एकही तांब्याची जोडणी पाण्याजवळ येऊ दिली नव्हती. आणि दारातला तो लखलखता हंडा मला तांबं म्हणून कधी दिसलाच नाही. तो आईचा हंडा होता. आईला मी कॅन दाखवले, रेघ दाखवली, कारण मात्र सांगितलं नाही. प्लांटमध्ये नव्या हेल्परलासुद्धा मी कारण सांगत असे.

पण हे सगळं नंतर सुचलं. आधी काम. तांब्याची चाचणी केली, नळीतला रंग लगेच बदलला. मोठ्या टाकीत एक जाळीचा डबा अडकवला. अंडं हवेत येऊ नये म्हणून पाण्याच्या भांड्यासकट उचललं आणि त्या भांड्यात मोठ्या टाकीचं पाणी थोडं थोडं घालत, तासभर लावून, ते डब्यात सोडलं. लहान टाकी रिकामी केली, वाळू टाकून दिली, काच धुतली. गोगलगायी गेल्याच होत्या. संध्याकाळ झाली तेव्हा तहान आठवली. स्टुलावरचा पेला तिथेच होता. मी तो प्यायले आणि आणखी घ्यायला दाराशी गेले.

तिवई रिकामी होती. हंडा मागच्या ओट्यावर उपडा घातलेला होता. कोरडा.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

आम्ही बौद्ध. आई जन्मली तेव्हा नव्हतो. निफाड तालुक्यातल्या तिच्या गावी विहिरीवर आमच्या लोकांना पाणी शेंदता येत नसे. मडकं घेऊन बाजूला बसायचं, कोणी येईल, मनात आलं तर वरून ओतेल. आई सहा वर्षांची असताना एका दुपारी कोणी येईना, आणि तिनं दगडी कुंडीतलं, गुरांसाठी भरलेलं पाणी ओंजळीनं घेतलं. मागून आवाज आला, "पाण्याला हात कोणी लावला?" तिनं हात वर केला, कारण खोटं बोलायचं तिला कळत नव्हतं. नंतर कुंडी रिकामी करून शेणानं सारवली, तिच्यासमोर. तिचं मडकं फोडलं. एवढीच गोष्ट. माझ्या उभ्या आयुष्यात तिनं ती एकदाच सांगितली, आणि तीही हंडा घासता घासता, माझ्याकडे न बघता.

आणि आज तिच्यासमोर मी टाकी रिकामी केली होती.

मी आत गेले. ती भाकरी थापत होती. "आई, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? पाणी खराब झालंच ना."

"मी तसं बोलायला नको होतं."

"जेवून घे."

पुढचे दिवस ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची. भांडायचीसुद्धा. पण खुर्ची परत दारात गेली, आणि टाकीकडे येणं बंद झालं. कुरिअरवाल्याला ती स्टीलच्या जगमधून पाणी द्यायला लागली. मी तिला तांब्याचं सगळं समजावून सांगितलं, कोणाला बाधतं, का बाधतं. तिनं नीट ऐकलं, दोन प्रश्नही विचारले, अगदी नेमके. समजायचं काही राहिलं नव्हतं. ती नुसती हात लावत नव्हती.

मग मी ठरवलं, शार्क जगला आणि ही दारातच बसून राहिली तर ही टाकी मला नको. मी हंडा उचलला, चिंच लावली आणि ओट्यावर बसून घासला. मला तो तिच्यासारखा घासता येत नाही, कडेला काळं राहिलंच. भरून तिवईवर ठेवला आणि पहिला पेला मी प्यायले. आईनं बघितलं. दुसऱ्या दिवशी कडेचं काळं गेलेलं होतं. पाणीही ताजं होतं. खुर्ची मात्र जिथल्या तिथेच होती.

अंड्यातली शेपटी हळूहळू पुन्हा जोरात हलायला लागली. जूनच्या एका सकाळी मी अंगणात असताना दारातून आईची हाक आली, "अगं ये, पाव्हणा बाहेर आला!" धावत आले. पिल्लू जाळीच्या डब्यातून निसटून मोठ्या टाकीच्या वाळूवर पडलं होतं, वीतभर, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, कल्ले भराभर हलत होते. खुर्चीवरून टाकीतली वाळू दिसत नाही, म्हणजे ती उठून येऊन बघत होती. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

पहिले काही दिवस पिल्लाच्या पोटात अंड्याचा बलक असतो, म्हणून ते खात नाही. पण दहा दिवस झाले, पोट आत गेलं, आणि ते तोंड उघडेना. कोळंबी बारीक चिरून दिली, माकुळाचा म्हणजे स्क्विडचा तुकडा दिला, चिमट्यानं दिला, काडीनं दिला. वास आला की जवळ यायचं आणि मी जरा हलले की दगडाखाली पळायचं. वसईच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "हातानं द्या. आणि बाई, स्थिर. आता खाल्लं नाही तर आठवडाभरात जाईल."

मी दोन दिवस हातानं दिलं. मला स्थिर राहणं जमत नाही. ते वळलं की माझा हात पुढे जायचा.

"घाई करतीस," दारातून आई म्हणाली. "त्याला येऊ दे."

मी हात बाहेर काढला. बाहीतून खारं पाणी फरशीवर गळत होतं.

"आई, तू घाल हात."

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याला बाधलं म्हंजे?"

"नाही बाधणार. त्याला तुझाच हात हवाय. माझ्यानं होत नाहीये."

ती उठली, मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा साबणाचा वास नव्हता, नुसत्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतलेले होते. टाकीशी आली आणि हातातल्या दोन पिवळ्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या.

"यात बी तांबं असंल," ती म्हणाली.

मग तिनं माकुळाचा तुकडा दोन बोटांत धरला आणि हात पाण्यात घातला. बिड्या वळलेली तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण ती हलली नाहीत. वाळूवर तळहात ठेवून ती तशीच उभी राहिली, गुडघे दुखत असताना, मी खुर्ची मागे सरकवली तरी न बसता. पिल्लू दगडाखालून नाक काढून बघत होतं. आत गेलं. परत आलं. तिच्या मनगटाला घासून पलीकडे गेलं, वळलं, आणि एका झटक्यात बोटांतला तुकडा ओढून घेतला. कल्ल्यांतून वाळू उडाली. आई एवढ्या मोठ्यानं हसली की मी दचकले.

तिनं आणखी तीन तुकडे दिले. मग मी लॉगबुक काढलं, त्या दिवसाची ओळ उघडली आणि पेन तिच्या ओल्या हातात दिलं.

"हे काय?"

"ज्यानं हात लावला त्यानं लिहायचं असतं. खाली सही."

"काय लिहू?"

"जे केलंस ते."

आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं वही स्टुलावर ठेवली, चष्मा लावला आणि रकाने-बिकाने न बघता, पानभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाण्याला हात लावला.' मग खाली पूर्ण नावाची सही केली.